कप म्हंजी कुठला?

"मम्मी, यात एक कप मैदा लिहिलाय," लेक मोबाइलमध्ये डोकं खुपसून म्हणाली.

तिच्या आज्जी, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीकडच्या पाटावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कप म्हंजी कुठला? पाव्हण्यांचा का रोजचा?"

आम्ही दोघी खो खो हसलो. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आमच्या घरात दोन तऱ्हेचे कप आहेत. रोजचे म्हणजे दांडीचे जाडजूड मग, शेतावरून आलेल्या माणसाला पुरेल एवढा चहा मावणारे. आणि पाव्हण्यांचे म्हणजे फडताळातल्या वरच्या फळीवरचे, बशीसकट, सोनेरी काठाचे, दोन घोटांत संपणारे. एका मगात पाव्हण्यांचे दोन कप बसतात आणि वर थोडी जागा उरते.

ही गोष्ट एप्रिल २०२० ची. टाळेबंदी लागलेली. पलूसचा आठवडी बाजार बंद, बेकऱ्या बंद, द्राक्षाची गिऱ्हाइकं नाहीत, आणि दहावीचा शेवटचा पेपर रद्द झालेली पोरगी घरात मोकळी! तिला ब्राउनी करायची होती. फडताळात जे आहे त्यातच करायची असं ठरलं, कारण बाहेरून आणायला काही मिळतच नव्हतं. मैदा होता, पिठीसाखर होती, तूप तर घरचंच. मागच्या वाढदिवसाला आणलेली कोकोची अर्धी पुडी रबर लावून ठेवलेली सापडली. मी म्हटलं, कर बाई. निदान मोबाइल तेवढा वेळ खाली ठेवशील.

तिनं मैदा मोजला रोजच्या मगानं. मग पिठाने भरलेला, आता दूध कशात मोजायचं? म्हणून दूध आणि तूप मोजलं पाव्हण्यांच्या कपानं. साखर कशानं मोजली ते तिलाही सांगता आलं नाही. कुकरमध्ये मीठ घालून, वर डबा ठेवून पाऊण तास भाजलं. जे बाहेर आलं ते काळं होतं, एवढीच त्याची ब्राउनीशी सोयरीक. सुरी लावली तर सुरी वाकली. सासूबाईंनी एक तुकडा हातात घेऊन फरशीवर टक टक वाजवला आणि म्हणाल्या, "दार ढकलतंय ते वाऱ्यानं. लावा तिथं खाली."

लेक रुसली. मी त्यांच्यावरच जरा चिडले. पण रात्री भांडी घासताना तो मग आणि तो कप शेजारी शेजारी पालथे घातले तेव्हा लक्षात आलं, की अख्ख्या घरात नेमका प्रश्न विचारला होता तो सासूबाईंनीच.

मैत्रिणींनो, आपण पिढ्यान् पिढ्या अंदाजानं स्वयंपाक करत आलो. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, भाजी पातळ झाली तर आटवता येते. पण भट्टीत किंवा ओव्हनमध्ये एकदा डबा गेला की आपल्या हातात काही राहत नाही. पीठ जास्त पडलं असेल तर पाऊण तासानेच कळणार आणि तोवर उशीर झालेला असणार. म्हणूनच अंदाजात पटाईत असलेल्या भल्या भल्या सुगरणी केक-बिस्किटांपुढे हात टेकतात.

तसं भाजलेलं आपल्याकडे नवीन नाही. आमच्या सांगली-सातारा भागात दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुटीत बेकरीच्या भट्टीवर बिस्किटं करून आणायची पद्धत आहे. माझं माहेर भिलवडीचं. चितळ्यांच्या डेअरीमुळे गावाचं नाव सगळीकडे गेलं ते भिलवडी, कृष्णाकाठचं. माझ्या लहानपणी घरून मैदा, रवा, साखर, तूप असं सगळं सामान पिशव्यांत भरून आई भट्टीवर न्यायची. बरोबर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, धुऊन, उन्हात वाळवून, आत वर्तमानपत्र घालून. बायकांची ही मोठी रांग! प्रत्येकीच्या ट्रेवर ओळखू यावी म्हणून काहीतरी खूण. कुणी कागदाची चिठ्ठी ठेवायचं, कुणी कोपऱ्यातल्या बिस्किटाला बोटानं खड्डा पाडायचं. आईची खूण म्हणजे कोपऱ्यातल्या नानखटाईवर तीन बेदाणे.

रात्रीचे पाव भाजून झाले की भट्टीतला जाळ काढलेला असायचा. विटा मात्र तापलेल्या. पावाला लागणारी आच उतरून ती बिस्किटाला पुरेल एवढीच राहायची. लांब दांडीच्या लाकडी पट्टीवर ट्रे ठेवून भट्टीवाला तो आत सरकवायचा आणि आतलं अंधारातलं बघून नेमका बाहेर ओढायचा. घड्याळ नाही, काटा नाही. आम्ही पोरं दारात उभी. मोडकी बिस्किटं आमची, हे ठरलेलं. मजुरी किलोवर. डबा डोक्यावर घेऊन येताना तो मानेला चटके द्यायचा, पण वास असा की चटक्याचं काही वाटायचं नाही.

या नानखटाईची कूळकथाही मजेची आहे. सुरतेत डच लोकांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती, डच गेल्यावर ती एका पारशी माणसाकडे आली आणि न खपलेल्या, वाळलेल्या पावावरून या खुसखुशीत बिस्किटाची कल्पना निघाली, असं सांगतात. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. सुरतेहून मुंबई, मुंबईहून पुणे असं करत ती आमच्या पत्र्याच्या डब्यात कधी येऊन बसली कुणास ठाऊक. 'ब्राउनी म्हणजे परदेशी थेरं' असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. नानखटाईही एकेकाळी पाहुणीच होती की!

आईची नानखटाई गावात नावाजलेली होती. तोंडात टाकली की विरघळायची, पण हातात धरली की मोडायची नाही. मोठ्या पोरीनं, म्हणजे मी, लग्नाआधी एकदा हट्टानं तिच्याकडून सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. नानखटाई, खारी बिस्किटं, गव्हाच्या पिठाची बिस्किटं, लोणची, सांडगे, सगळं. पण सासरी येताना वही काही मी आणली नाही. आईच म्हणाली, "राहू दे हितंच. तुला लागलं तर ईचार." विचारायला ती होतीच, म्हणून मी विचारलं नाही. आणलं ते डब्यात भरून.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. त्याबद्दल मी नव्यानं काय लिहिणार! पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी काय सोसलं ते सगळ्यांनी पाहिलं. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली. त्यापुढे वहीचं दुःख सांगायला जीभ रेटत नाही. आमची माणसं वेळेत बाहेर पडली, पलूसला आमच्याकडे येऊन राहिली. पाणी ओसरल्यावर घरी गेलो तर स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ. फडताळाच्या खालच्या तिन्ही फळ्या पाण्यात होत्या. वही सापडली, पण तिची पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला. शाईच्या पेनाने लिहिलेलं, त्यामुळं निळा डाग तेवढा उरलेला. आईनं ती हातात घेतली आणि गाळाच्या पाटीत टाकली. "जाऊ दे. माझ्या हाताला ठावं हाय," म्हणाली.

आणि होतंच ठाऊक. त्या दिवाळीला तिनं नानखटाई केली, तशीच.

पण २०२२ च्या थंडीत आईला अर्धांगाचा झटका आला. जिवावर बेतलं नाही, बोलणंही महिन्याभरात बऱ्यापैकी सुधारलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. म्हणजे हात आहे, पण त्याला वाटी आणि विळी यातला फरक कळत नाही. ज्या हाताला सगळं ठाऊक होतं, नेमका तोच.

मी तिला पलूसला घेऊन आले. एक दिवस बसल्या बसल्या म्हणाले, "आई, नानखटाईला मैद्याला तूप किती घालायचं?" ती म्हणाली, "बसंल तेवढं." बसेल तेवढं म्हणजे किती? "पीठ सांगतंय की." मी परातीत मैदा घेतला, तूप घातलं, तिच्या डाव्या हाताजवळ परात सरकवली. तिनं बोटांनी चाचपलं, मान हलवली. "कमी." अजून घातलं. "अजून." मग एकदम "जास्ती झालं!" त्या दिवशीची नानखटाई ताटलीत पसरून तिची एक मोठी पापडी झाली. आई गप्प बसून राहिली. मला तिला विचारल्याचाच पश्चात्ताप झाला.

या सगळ्या काळात मी एक पुस्तक सारखं चाळत होते, ते म्हणजे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. बहुतेक मराठी घरात ते असतंच, लग्नात रुखवताबरोबर येतं. पण फार थोड्या जणींना माहीत असेल की कमलाबाईंचा जन्म आमच्या पलूसजवळच्या कुंडलचा, १९१३ सालचा. शाळा चौथीपर्यंतच. लग्न होऊन सांगलीला गेल्या आणि सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. 'रुचिरा' १९७० साली निघालं. ते किर्लोस्करांनी छापलं हाही एक योगच, कारण त्यांच्या 'स्त्री' मासिकाचा जन्म १९३० साली झाला तो कुंडलशेजारच्याच किर्लोस्करवाडीत. सांगायचा मुद्दा असा, की त्या पुस्तकाचं मोठेपण पाककृतींत आहे तितकंच मापात आहे. कमलाबाईंनी ग्रॅम-औंसाच्या भानगडीत न पडता वाटी आणि चमचा धरला. नव्या नवरीच्या घरात वजनकाटा नसेल, पण वाटी तर असणारच ना! सासूच्या हातातला अंदाज त्यांनी वाटीत उतरवला आणि ज्यांना विचारायला घरात कुणी नव्हतं अशा असंख्य पोरींच्या हातात दिला.

तिकडे अमेरिकेत हेच काम फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी केलं होतं, बॉस्टनमध्ये. १८९६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात मूठभर, अंड्याएवढं लोणी, बोटभर अमुक असली भाषा नव्हती. कप आणि चमचा, आणि तोही काठाबरोबर सपाट केलेला, असा त्यांचा दंडक. आणि गंमत ऐका. चॉकलेट घातलेल्या ब्राउनीच्या सुरुवातीच्या छापील पाककृतींपैकी एक याच बाईंच्या पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत आहे. म्हणजे ब्राउनी जन्मली तीच मापाच्या बाईच्या घरात. आमच्या घरी ती दाराला लावायचा दगड झाली तर त्यात नवल ते काय!

आता चिपट्याची गोष्ट.

गेल्या वर्षी भिलवडीच्या घराची डागडुजी काढली. माळ्याखालच्या कोनाड्यात पुराचा वाळलेला गाळ अजून तसाच होता. भावजयीनं तो खरवडला तर आतून पितळेचं चिपटं निघालं. आणि त्याच्या पोटात कोळवं. नव्या मुलींना हे शब्द माहीत नसतील म्हणून सांगते. पूर्वी धान्य वजनावर नव्हे, मापावर द्यायचे-घ्यायचे. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली. सरकारनं १९५६ साली कायदा करून किलो-लिटर आणले, बाजारातली मापं हळूहळू गेली. पण घराघरांत भात-डाळ घ्यायला चिपटं राहिलंच.

भावजयीनं ते चिंच लावून घासलं आणि पलूसला पाठवून दिलं. मी ते आईसमोर ठेवलं, नुसतंच, जुनी वस्तू म्हणून. आईनं डाव्या हातानं कोळवं उचललं आणि म्हणाली, "ह्यानं तूप. आन् ह्यानंच साखर. पीठ मोठ्यानं."

मी बघतच राहिले. "आई, तू तर म्हणायचीस अंदाजानं घालते!"

"मग? अंदाजानंच. चिपटं काय, हाताशी असायचं. त्येला काय माप म्हंत्यात व्हय?"

म्हणजे एवढी वर्षं आम्ही ज्याला आईच्या हाताची जादू म्हणत होतो ती एका चिपट्याला एक कोळवं होती! वहीत मी ते का लिहिलं नव्हतं ते आता आठवत नाही. बहुधा लिहिलंही असेल. त्यावेळी किलोवरच्या भट्टीच्या हिशेबात सगळं पाव-अर्धा किलो करून मांडलं असेल. लेकीनं लगेच तिचा मापाचा कप आणून पाणी ओतून पाहिलं. आमच्या चिपट्यात तिचा २४० मिलीचा कप बसला आणि वर तीन-चार चमचे जागा राहिली. फार्मरबाई आणि माझी आई तशा अगदी लांब नव्हत्या.

तर आता नानखटाई. तुमच्याकडे चिपटं नसेल, काही बिघडत नाही. घरातली कुठलीही एक वाटी घ्या, पण सगळ्याला तीच. एक वाटी मैदा, त्यातलाच दोन चमचे काढून त्या जागी बारीक रवा. शिवाय पाव वाटी बेसन. अर्धी वाटी तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर. चिमूटभर मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलदोड्याची पूड. (आई बेसन धरून चिपटं भरायची, मी वरून घालते. तिला ते पसंत नाही.) तूप थिजलेलं हवं. पातळ केलेलं तूप घातलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. पापडी! तूप आणि साखर तळहातानं फेसून फेसून पांढरं आणि हलकं करायचं, दहा मिनिटं तरी. लोण्यासारखं झालं पाहिजे. मग पीठ चाळून घालायचं आणि नुसतं गोळा होईल एवढंच एकत्र करायचं. कणकेसारखं मळलंत तर संपलं. मैद्यात चिकटपणा असतो तो मळल्यानं वाढतो, चपातीला तो हवा, बिस्किटाला नको. तूप पिठाच्या कणाकणाला लागलं की तो चिकटपणा उठत नाही, खुसखुशीतपणाचं सगळं गुपित तेच. गोळा अर्धा तास झाकून ठेवून मग लिंबाएवढे गोळे, जरासे चपटे, मध्ये अंतर सोडून.

तूप की वनस्पती, असं बऱ्याच जणी विचारतात. भट्टीवर नेताना आम्हीही डालडाच न्यायचो, स्वस्त पडायचा, बिस्किट उभं राहायचं. पण त्यातल्या ट्रान्स फॅटचं हृदयाला काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. सरकारनंही जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर नको असा नियम केला. आईच्या आजारानंतर आमच्या घरात तो डबा येत नाही. तूपही काही रोज वाटीनं खायची वस्तू नाही, हे माझं मलाच सांगते.

भाजायला ओव्हन नसला तरी अडत नाही. आमचा पहिला दगड कुकरमध्ये झाला, पण कोरडा कुकर तापवणं त्याच्या तब्येतीला चांगलं नसतं. मी एक जुनं, जाड बुडाचं पातेलं त्याच कामाला ठेवलंय. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरायचं, त्यावर एखादी बुटकी तिवई किंवा पालथी वाटी, वर घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं पातेलं आधी तापवून घ्यायचं. मग ताटली आत ठेवायची, सांडशीनं, जपून, आणि आच बारीक. नानखटाईला वीस मिनिटांच्या आसपास लागतात. कडा किंचित लालसर झाल्या की झालं. बोट लावलं तर मऊ लागेल, घाबरू नका. गार झाल्यावर ती कडक होते. पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघितलंत तर मात्र आतली ऊब निघून जाते. (मीठ गार झालं की बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच. स्वयंपाकात मात्र घालू नका.)

आणि आता ती ब्राउनी, जिनं सगळं सुरू केलं. आमच्याकडे सासूबाईंना अंडं चालत नाही, गुरुवारी औदुंबरला जाणारं घर आमचं. तेव्हा ही दह्यातली. वाटी तीच. एक वाटी चाळलेलं गव्हाचं पीठ, पाव वाटी कोको, एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी ताजं दही, पाव वाटी पातळ केलेलं तूप आणि वर त्याचेच दोन चमचे. पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यानंच कोको बोलायला लागतो. दही, साखर, तूप आधी चांगलं घोटायचं. पीठ, कोको, सोडा, मीठ दोनदा एकत्र चाळायचं, म्हणजे सोड्याची गुठळी राहत नाही. मग दोन्ही एकत्र करून पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं. इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट हवं, फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. वरून मूठभर बेदाणे आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे तुकडे. अक्रोड महाग, बेदाणा आमच्या दारातला. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागा असताना मी अक्रोड कशाला आणू!

सोड्याचं एक लक्षात ठेवा. तो दह्याच्या आंबटपणाला भेटला की लगेच फसफसायला लागतो, त्यातून निघणारा वायूच ब्राउनी हलकी करतो. म्हणून कालवून ठेवून शेजारणीशी गप्पा मारायला जाऊ नका. पातेलं तापल्यावरच कालवायचं आणि लगेच आत. आणि 'अजून फुगेल' म्हणून सोडा वाढवलात तर साबण चाटल्यासारखी चव येते. माझ्या जाऊबाईंनी हा प्रयोग केलेला आहे, त्यामुळं मला करावा लागला नाही.

तूप लावलेल्या सहा-सात इंची डब्यात ओतून बारीक आचेवर तीस-पस्तीस मिनिटं. केकला सुरी स्वच्छ बाहेर यावी लागते, ब्राउनीला तसं नाही. सुरीला दोन-चार ओलसर कण चिकटले पाहिजेत. स्वच्छ सुरीची वाट पाहिलीत तर कोरडा भुगा मिळेल. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. हे लिहायला सोपं आहे. आमच्या घरी अजून एकदाही पूर्ण गार झालेली नाही.

आता लेक पुण्याला शिकायला असते. सुटीला आली की दोन्ही आज्ज्यांना समोर बसवून तिचं भाजणं चालतं. गेल्या दिवाळीत तिनं सगळं चिपट्यानं आणि कोळव्यानं मोजून ब्राउनी केली, पातेल्यात, मिठावर. मऊ, काळी, वर बेदाणे फुगलेले. कोपऱ्यातल्या तुकड्यावर तीन बेदाणे तिनं मुद्दाम ठेवले होते, तिला मी भट्टीची गोष्ट सांगितलेली. सासूबाईंनी आधी "अंडं न्हाई न्हवं?" अशी खात्री करून घेतली आणि मग दोन तुकडे खाल्ले. तिसरा भजनातल्या बायकांना दाखवायला म्हणून कागदात गुंडाळून नेला. त्यांच्या लेखी हे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक.

आईनं डाव्या हातानं तुकडा उचलला. बेदाणे मोजले. मग खाल्ला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या.

"जरा कोरडं झालंय," ती नातीला म्हणाली. "पीठ मोजताना शीग काढली न्हाईस व्हय तू?"